भरतीच्या तक्त्यात न दिसणारी ओढ

प्रति,
मुंबईच्या चौपाट्यांवरील सुरक्षेचे काम पाहणारे महापालिका अधिकारी, अग्निशमन दलाचे वरिष्ठ आणि पुळणीवर उभे राहणारे सर्व जीवरक्षक,

विषय : किनाऱ्याला समांतर वाहणाऱ्या प्रवाहाचे नागमोडी होणे, आणि त्यापायी झेंड्यांच्या नियमात करावयाचा बदल.

स.न.वि.वि.

दरवर्षी पावसाळ्याआधी महापालिका साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. सखल भागातल्या रहिवाशांना आणि पंपांवरच्या कर्मचाऱ्यांना तिचा फार उपयोग होतो. मात्र हीच यादी चौपाटीवर धोक्याची यादी म्हणून वाचली जाते, आणि तिथे गफलत होते. भरतीची उंची पाणी कुठवर येईल एवढेच सांगते. कमरेइतक्या पाण्यात उभ्या माणसाचे पाय कशाने सुटतील, हे त्या आकड्यात नाही. त्या ओढीबद्दल हे पत्र आहे. मागणी आधीच सांगून टाकतो: जुहू, वर्सोवा, अक्सा आणि गोराई इथे 'कुठे उतरायचे' या नियमाच्या जोडीला 'किती खोल उतरायचे' हा नियम आणावा, आणि तो त्या दिवशीच्या प्रवाहावरून ठरवावा.

प्रवाह तयार कसा होतो ते थोडक्यात. लाट किनाऱ्याला तिरकी येऊन फुटली की तिच्या जोराचा एक हिस्सा पाण्याला किनाऱ्याच्या दिशेने नव्हे, तर किनाऱ्याच्या कडेकडेने ढकलतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या पुळणीवर लाट नैर्ऋत्येकडून आली तर फेसाच्या पट्ट्यातले पाणी उत्तरेला सरकते, वायव्येकडून आली तर दक्षिणेला. वेगाचा ठोकताळा सोपा आहे. फुटणाऱ्या लाटेची उंची मीटरमध्ये घ्या, तिला ९.८१ ने गुणा, वर्गमूळ काढा. त्याला लाटेच्या तिरकेपणाच्या कोनाच्या साइन आणि कोसाइनने गुणा आणि शेवटी १.१७ ने. दीड मीटरची लाट दहा अंशांनी तिरकी फुटली तर सेकंदाला सुमारे ०.७७ मीटर. एक मीटरची लाट पाच अंशांनी आली तर ०.३२ मीटर. कोन डोळ्यांनी ठरवणाऱ्याने जपून राहावे. पाचाऐवजी सात अंश धरले की उत्तर चाळीस टक्क्यांनी वाढते. होकायंत्र लाटेच्या माथ्याच्या रेषेवर धरून निदान दहा लाटांची सरासरी घ्यावी.

खोल समुद्रातल्या बोयाचा प्रवाहाचा आकडा इथे लावू नये, हेही नोंदवून ठेवतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा मोठा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. नैर्ऋत्येच्या लाटांच्या दिवशी बाहेरचे पाणी दक्षिणेला आणि पुळणीवरचा फेस उत्तरेला, असे एकाच वेळी होऊ शकते. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या समुद्राचे अंदाज देणाऱ्या केंद्रीय संस्थेकडून लाटांची उंची, दिशा आणि आवर्तकाल (एका लाटेपासून पुढच्या लाटेपर्यंतचा वेळ) मिळतो, तो जरूर घ्यावा. त्यावरून चौपाटीवरचा प्रवाह मात्र आपला आपण काढायचा.

आता मुख्य गोष्ट. वर काढलेला ०.७७ हा सरासरी आकडा आहे आणि पाणी त्या सरासरीने वाहत नाही. वाळूच्या दांड्यावर (किनाऱ्याला समांतर, पाण्याखाली असलेल्या वाळूच्या उंचवट्यावर) आणि त्याच्या आतल्या बाजूला पाणी धावत असते, तर दांड्याच्या बाहेर वीस-तीस मीटरवर ते जवळपास उभे असते. वेगाने चालणारी रांग उभ्या गर्दीला घासत गेली की रांगेला बाक येतो, तसेच इथे होते. धावत्या आणि उभ्या पाण्याच्या सीमेवरचा लहानसा बाक वाढत जातो आणि सरळ प्रवाह नागमोडी होतो. बाक फार वाढला तर त्यातून भोवरा सुटतो आणि फेसासकट, गाळासकट समुद्राकडे निघून जातो. वेगातला फरक जितका अरुंद जागेत तितकी ही वाढ जोरात. म्हणून दांडा असलेल्या पुळणीवर ती सपाट उताराच्या पुळणीपेक्षा लवकर होते. तळाचे घर्षण तिला आवरते. खडकाळ तळावर ती दबते, बारीक वाळूच्या गुळगुळीत तळावर तिला मोकळे रान मिळते.

हे पहिल्यांदा मोजले गेले ते अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या डक या गावच्या किनाऱ्यावर, १९८६ च्या 'सुपरडक' मोहिमेत. जोन ओल्टमन-शे, पीटर हाउड आणि विल्यम बर्कमायर यांनी १९८९ मध्ये ती मोजमापे मांडली आणि टोनी बोवेन व रॉब होलमन यांनी त्याच वर्षी त्यामागचे गणित दिले. किनाऱ्याला समांतर लावलेल्या वेगमापकांच्या रांगेत काही मिनिटांच्या आवर्तकालाची हालचाल सापडली. तिची लांबी त्याच आवर्तकालाच्या कोणत्याही साध्या लाटेपेक्षा कितीतरी कमी होती आणि ती प्रवाहाच्या दिशेनेच, प्रवाहापेक्षा थोड्या कमी वेगाने सरकत होती. भोवरे निव्वळ प्रवाहाच्या अस्थिरतेतून येतात की लाटांचे जथे एका जागी जास्त आणि दुसऱ्या जागी कमी फुटल्यामुळेही, यावर अभ्यासकांत पुढे बरीच चर्चा झाली. दोन्ही कारणे खरी आहेत. पाण्यात उभ्या माणसाला त्यातल्या फरकाशी देणे-घेणे नाही.

आकड्यांत पाहू. प्रवाहाचा सर्वाधिक वेग सेकंदाला ०.८ मीटर धरा. नागमोड साधारण ०.५ मीटरने पुढे सरकेल. तिची लांबी प्रवाहाच्या पट्ट्याच्या रुंदीच्या दुपटीच्या घरात असते. पट्टा ७५ मीटर रुंद असेल तर लांबी १५० मीटर. म्हणजे एका जागी उभ्या माणसाला दर ३०० सेकंदांनी, पाच मिनिटांनी, एक वळण भेटते. त्यातली दोन-अडीच मिनिटे पाणी किनाऱ्याकडे ढकलते किंवा शांत वाटते. पुढच्या दोन-अडीच मिनिटांत तेच पाणी समुद्राकडे ओढते.

जीवरक्षकाच्या नजरेला हुलकावणी मिळते ती इथेच. पाण्यात उतरलेले कुटुंब तीन मिनिटे मजेत उभे असते. पाणी मांडीपर्यंत, मुले हसताहेत, समुद्राच्या पातळीत काही बदल नाही. पातळीत बदल खरोखरच नसतो, हा या हालचालीचा सगळ्यात फसवा गुण आहे. पाच मिनिटांच्या साध्या लाटेने दीड मीटर पाण्यात सेकंदाला ०.३ मीटरचा वेग आणायचा तर पाण्याची पातळी बारा सेंटिमीटर तरी वर-खाली व्हावी लागते. नागमोडी प्रवाहात तेवढाच वेग सेंटिमीटरभराच्या फरकात येतो. भरतीमापकाच्या पट्टीवर तो दिसत नाही, अपोलो बंदरच्या नोंदीत दिसणार नाही आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाला तर नाहीच. पायांना मात्र लागलीच कळतो.

पायांना कळतो म्हणजे किती? उभ्या माणसाच्या तोलाचा अंदाज पाण्याची खोली गुणिले वेग या गुणाकाराने घेतात. ऑस्ट्रेलियातल्या पुराच्या मार्गदर्शक सूचनांत लहान मुलांसाठी ०.४ आणि प्रौढांसाठी ०.६ पर्यंत धोका कमी धरला आहे, ०.८ च्या पुढे प्रौढालाही उभे राहणे अवघड. एक मीटर पाणी आणि सरासरी प्रवाह ०.५ असेल तर गुणाकार ०.५, मोठ्या माणसाला चालण्यासारखा. नागमोडीने त्यात ०.३ ची भर घातली की ०.८. त्यावर लाटेचा धक्का, पायाखालून सरकणारी वाळू आणि भिजलेली जीन्स वेगळी. सरासरीने सुरक्षित ठरलेली जागा दर पाच मिनिटांनी एकदा धोक्याची होते. पुराच्या सूचनांमध्ये लाटा धरलेल्या नसतात, म्हणून चौपाटीवर हे आकडे आणखी खाली आणावेत असे आमचे मत आहे. मुलांसाठी गुडघ्याच्या वर पाणी नको, हा नियम प्रवाहाच्या दिवशी ओरडून सांगण्याच्या लायकीचा आहे.

यातून झेंड्यांचा प्रश्न उभा राहतो. लाल-पिवळ्या झेंड्यांची पद्धत एका जागी टिकणाऱ्या धोक्यासाठी उत्तम आहे. दांड्यातल्या घळीतून बाहेर जाणारी ओढ दिवसभर तिथेच असते, झेंडे पन्नास मीटर सरकवले की लोक वाचतात. नागमोड सरकती असते. सेकंदाला अर्ध्या मीटरने ती शंभर मीटरचा झेंड्यांमधला पट्टा सव्वातीन मिनिटांत पार करते. झेंडे डावीकडे न्या, उजवीकडे न्या, ती तिथेही येणारच. अशा दिवशी उपयोगी पडते ती खोलीची मर्यादा. वेगाचा पट्टा कुठून सुरू होतो ते पाहून, त्याच्या आत किमान दहा मीटरवर दोरी-बोयांची किंवा बांबूंची ओळ धरावी. भरती-ओहोटीप्रमाणे ती हलवावी लागेल, हे काम वाढवणारे आहे याची आम्हाला जाणीव आहे. पुळणीचा उतार ५० ला १ धरला तर चार मीटरच्या ओहोटीत पाण्याची कड दोनशे मीटर मागे जाते आणि प्रवाहाचा पट्टाही तिच्यामागे जातो. सकाळी ठोकलेला बांबू दुपारी कोरड्या वाळूत उभा असतो.

दुसरा बदल माणसे कुठे उभी करायची याचा. नागमोड प्रवाहाच्या वरच्या अंगाकडून येते. प्रवाह उत्तरेकडे असेल तर दक्षिणेकडून. गर्दीच्या दीडशे मीटर दक्षिणेला एक जीवरक्षक ठेवला तर अर्धा मीटर वेगाने त्याला सुमारे पाच मिनिटे आधी खबर मिळते. त्याने पाहायचे काय? फेसाची कड. एरवी फुटणाऱ्या लाटांच्या बाहेरची फेसाची कड किनाऱ्याला समांतर असते. नागमोड आली की ती एका ठिकाणी समुद्राकडे फुगते, तिथले पाणी गढूळ तपकिरी दिसते आणि तो फुगवटा किनाऱ्याच्या कडेने सरकत राहतो. सरकतो हेच ओळखीचे लक्षण, घळीची ओढ सरकत नाही. वॉकी-टॉकीवर दोन शब्द पुरेत. खालच्या अंगाच्या जीवरक्षकाने शिट्टी मारून लोकांना गुडघ्यापर्यंत मागे घ्यावे आणि तीन मिनिटांनी सोडावे. हे रोज करायचे नाही. ज्या दिवशी गणितातून प्रवाह ०.५ च्या वर येतो, त्या दिवशीच करायचे.

फलकांवरची सूचनाही सुधारावी. 'ओढीत सापडल्यास किनाऱ्याला समांतर पोहा' एवढेच लिहिले तर निम्मे लोक प्रवाहाविरुद्ध हात मारतील. कपड्यांसकट, घाबरलेला, पोहण्याचा सराव नसलेला माणूस सेकंदाला अर्धा मीटरही कापत नाही. समोरून ०.८ चा प्रवाह असेल तर तो मागेच जातो. म्हणून 'प्रवाहाच्या दिशेने, तिरके, किनाऱ्याकडे' असे लिहावे आणि त्या दिवशीची दिशा बाणाने दाखवावी. बाण फिरवता येईल असा पत्रा थोडक्या खर्चात होतो.

विसर्जनाबद्दल वेगळे लिहायला हवे. अनंत चतुर्दशी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येते, म्हणजे उधाणाच्या, सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांत. मुंबईत उधाणाची मोठी भरती दुपारी बाराच्या आसपास आणि मध्यरात्री असते, पूर्ण ओहोटी संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास. मोठ्या मूर्ती नेमक्या त्याच वेळी पुळणीवर येतात. ओहोटीमुळे पाणी लांब गेलेले, म्हणून माणसे मूर्ती घेऊन चालत चालत थेट दांड्याच्या पट्ट्यात पोचतात. दुपारी जिथे प्रवाह चालत होता तिथून दीडशे-दोनशे मीटर समुद्राकडे. अंधारात फेसाची कड दिसत नाही. दीड दिवसाच्या विसर्जनाला उधाण ओसरू लागलेले असते, पाच-सात दिवसांच्या गौरी-गणपतींना भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटीचा काळ, जवळ येतो, पाणी तितके मागे जात नाही. एकाच उत्सवातल्या या तीन विसर्जनांना एकच बंदोबस्त चालत नाही. गिरगाव चौपाटी बॅक बेच्या आडोशाला आहे, तिथे तिरक्या लाटांचा हा प्रवाह सहसा कमजोर असतो, तिथला धोका निराळ्या जातीचा. जुहूला मात्र चतुर्दशीच्या संध्याकाळी पट्ट्याच्या दोन्ही अंगांना प्रखर दिवे लावून फेसाची कड उजेडात ठेवावी. दिवे लोकांच्या तोंडावर नकोत, पाण्यावर हवेत.

हे सगळे आमच्या शब्दावर घेऊ नये. आधी नारळाने तपासावे. नारळी पौर्णिमेला या शहराच्या किनाऱ्यावर असंख्य नारळ पाण्यात जातात आणि ते कुठे गेले हे कोणी लिहून ठेवत नाही, ही थोडी गमतीची गोष्ट आहे, कारण प्रवाह दाखवायला असोल्या नारळासारखी स्वस्त वस्तू नाही. तो बहुतांश पाण्यात बुडून तरंगतो, वारा त्याला फारसा ढकलत नाही, फुटत नाही आणि कोणाच्या डोक्याला लागू नये एवढी काळजी घेतली की झाले.

पद्धत अशी. तीस असोले नारळ घ्यावेत, शेंदरी ऑइल पेंटने रंगवून काळे आकडे घालावेत, दोन दिवस वाळू द्यावेत. पुळणीवर पन्नास मीटरच्या अंतराने पाच बांबू रोवावेत. भरतीच्या किंवा ओहोटीच्या टोकाच्या एक तास आधी सुरू करून एक तास नंतर थांबावे. त्या वेळी पाण्याची पातळी टोकापासून तासाला पाव मीटरभरच हलते. मधल्या तासांत चार मीटरच्या फरकाला ती तासाला मीटरभर हलते आणि पट्टाच जागेवरून सरकतो, मग मोजणीला अर्थ राहत नाही. कमरेला दोरी बांधलेल्या एका जीवरक्षकाने एकाच जागेवरून दर पाच मिनिटांनी एक नारळ सोडावा. दोर धरायला किनाऱ्यावर दोन माणसे. पाचचा मेळ नागमोडीच्या पाच मिनिटांशी बसला तर प्रत्येक नारळ वळणाच्या एकाच टप्प्यावर पडेल आणि सगळे सारखेच वागतील, म्हणून दुसऱ्या तासाला अंतर साडेतीन मिनिटांचे करावे. दोन्ही टोकांच्या बांबूंवर होकायंत्र घेऊन दोघे बसतील आणि दर तीस सेकंदांनी नारळाचा कोन सांगतील. दोन कोनांवरून जागा निघते. मोबाइलचे जीपीएस बंद बरणीत घालूनही काम होते, पण त्यात तीन-पाच मीटरची चूक धरावी आणि बरणीत वाळू भरून ती बुडालेली राहील असे पाहावे, नाहीतर मोजला जातो तो वारा.

नारळ सगळे एकाच वाटेने गेले तर त्या दिवशी प्रवाह स्थिर आहे, आमचे म्हणणे त्या दिवसापुरते सोडून द्यावे. बरेचसे कडेकडेने जाऊन तीन-चार दांड्याबाहेर गेले तर नागमोड आहे. एक खोट लक्षात ठेवावी. फुटणारी लाट नारळाला किनाऱ्याकडे लोटते, म्हणून किनाऱ्याकडे आलेल्या नारळावर विश्वास ठेवू नये. एवढे लोटूनही जो बाहेर गेला, त्याने दाखवलेली ओढ खरी.

नारळाने होकार दिला की मगच यंत्रांवर पैसे घालावेत. सहा द्विदिश वेगमापक (किनाऱ्याच्या कडेचा आणि समुद्राकडचा असे दोन्ही वेग मोजणारे), किनाऱ्याला समांतर एका रेषेत, असमान अंतरांवर. ०, १०, ३०, ७०, १४० आणि २४० मीटर चालतील. समान अंतर ठेवले तर जोड्यांमधली अंतरे पुन्हा पुन्हा तीच येतात आणि लांबी नीट निघत नाही. सेकंदाला दोन नोंदी, सलग दोन तास. एक-दोन मिनिटांच्या नोंदीवरून काढलेला वेग या कामी टाकाऊ आहे. पाच मिनिटांच्या हालचालीची निदान वीस चक्रे हवीत. यंत्राची दिशा काटेकोर लावावी. ०.८ च्या प्रवाहात तीन अंशांची चूक झाली तरी ०.०४ मीटरची खोटी ओढ नोंदवली जाते. मुंबईत यंत्र बंद पडण्याचे पहिले कारण प्लॅस्टिकची पिशवी असेल. ती संवेदकाला गुंडाळली की वेग एकदम निम्मा दिसतो आणि तसाच राहतो. अशी पायरी नोंदीत आली की त्यापुढची नोंद फेकून द्यावी. दुसरे कारण फेसातले बुडबुडे, ध्वनीवर चालणारी यंत्रे त्यांनी आंधळी होतात. तिसरे, एका रात्रीत वाळू चढून यंत्र गाडले जाणे.

कॅमेरा लावायचा तर पंधरा-वीस मीटर उंचीवरून, किनाऱ्याला समांतर एक रेषा धरून तिच्यावरचा फेस काळाप्रमाणे कसा सरकतो ते काढावे. दहा मिनिटांची सरासरी प्रतिमा घळी आणि दांडे शोधायला चांगली, पण नागमोड तिच्यात पुसली जाते. तिच्यासाठी अर्ध्या ते एक मिनिटाची सरकती सरासरी हवी. काचेवर मीठ बसते, दर आठवड्याला गोड्या पाण्याने पुसायला माणूस नेमावा, नाहीतर पावसाळ्यातली प्रत्येक प्रतिमा धुक्यातली येते.

डकची भरती-ओहोटी जेमतेम एक मीटरची आहे, आपली उधाणाला चार-पाच मीटरची. तिथले आकडे उचलून जुहूच्या फलकावर लिहिता येणार नाहीत. इथले आकडे इथेच काढावे लागतील. सुरुवात अक्साला करावी आणि एका भांगाच्या व एका उधाणाच्या दिवशी ओहोटीच्या टोकाला करावी. नोंदवहीत रकाने एवढेच ठेवा: नारळाचा क्रमांक, सोडल्याची वेळ सेकंदांसह, दोन कोन, दांडा ओलांडल्याची वेळ, आणि नारळ परत मिळाला की नाही. शेवटचा रकाना कोणी गाळू नये. न मिळालेले नारळ कोणत्या क्रमांकांचे, यावरून बरेच काही कळते.

आपले,
किनारी प्रवाह मोजणारे काही अभियंते व अभ्यासक, मुंबई